दाराची बाहेरची बाजू

त्रेसष्टाव्या पानावर तिची पेन्सिल थांबली. परीक्षणासाठी आलेलं पुस्तक ती नेहमी पेन्सिल हातात घेऊनच वाचायची. आवडलेल्या ओळीपुढे उभी रेघ, खोट्या वाटलेल्या ओळीपुढे फुली, बाकी सगळं कोरं. या कादंबरीच्या पहिल्या बासष्ट पानांत एकोणीस रेघा होत्या आणि दोनच फुल्या, म्हणजे लिहिणारा दमाचा होता. नाव कधी ऐकलेलं नव्हतं, मागच्या पानावर फोटो नव्हता, पहिलंच पुस्तक. त्रेसष्टाव्या पानावर एक बाई बंद दाराला कंबर लावून उभी होती. आतून तिचं मूल दारावर मुठी मारत होतं, आणि बाहेर बाईने, आपल्या तोंडून आवाज फुटू नये म्हणून, अंगातल्या पुरुषी शर्टाच्या बाहीचं बटण दातात धरलं होतं. मुठी थांबल्या. बाईने दार उघडलं नाही. तिला बरं वाटलं. ‘तिला बरं वाटलं’ इथे परिच्छेद संपला होता. हात सवयीने रेघ ओढायला गेला आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून स्वच्छ ऊन टेबलावर आलं होतं, आतल्या खोलीत नवरा रेडिओचं बटण फिरवत होता, आणि तिला वाटलं की कुणीतरी मागे उभं राहून तिच्या खांद्यावरून तेच पान वाचतंय. तिने वळून पाहिलं. भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि त्यावर शनिवारच्या चौकोनात नवऱ्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: पिल्लू येणार.

पिल्लू म्हणजे नात. पाच वर्षांची. मुलगी आणि जावई दहा दिवस परगावी प्रशिक्षणाला जाणार होते, आणि तेवढे दिवस नात इथे राहणार होती, आईवडिलांवाचून पहिल्यांदाच. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. नवऱ्याने बोळाच्या टोकाची खोली रिकामी केली, भिंतीला रंग दिला, पलंगाला कठडा ठोकला. त्या खोलीत तिने पाऊल टाकलं नव्हतं. रंगाच्या वासाने डोकं दुखतं, असं तिने सांगितलं होतं.

कचेरीत तिला सगळे ‘भुताची मावशी’ म्हणत. एकतीस वर्षं रविवारच्या पुरवणीत तिचा रकाना होता. एका आठवड्याला कुण्या नवख्याचं पहिलं पुस्तक, दुसऱ्या आठवड्याला चार मित्रांनी मिळून, रजा टाकून, स्वतःच्याच घरात चित्रित केलेला एखादा भयपट. ज्यांच्या जाहिराती बसवर लागतात त्या भयपटांकडे ती फिरकतही नसे. तिला ते हवे असत, ज्यांत भुताच्या मागची दोरी दिसते, आवाज ओठांच्या मागे पडतो, आणि तरीही मध्येच एखादी अशी जागा येते की सकाळी अकराच्या खेळाला आलेली पाचही माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. तिचं म्हणणं असं, की पहिल्या कामात माणूस आपला अंधार न झाडता तसाच आणून ठेवतो. दुसऱ्या पुस्तकापासून तो झाडून, पुसून, मांडून ठेवायला शिकतो आणि मग लोक त्याला परिपक्व म्हणतात. ‘काय गं मावशी, एखादं हसरं पुस्तक कधी घेशील का?’ असं कुणी विचारलं तर ती म्हणे, ‘हसऱ्यांना माझी गरज नाही, त्यांना मावश्या पुष्कळ आहेत.’ वाचकांची पत्रं यायची, की तुमच्यामुळे आम्हाला काळोखात नीट बघता यायला लागलं. ती पत्रं तिने जपून ठेवली होती. स्वतःचा छापलेला मजकूर मात्र तिने कधी ठेवला नाही आणि कधी वाचलाही नाही. आपलं छापलेलं वाचलं की दुसऱ्या दिवशी हात अडखळतो, हा तिचा पहिल्या नोकरीपासूनचा नेम होता. सोमवारी सकाळी रविवारची पुरवणी कपाटाच्या खणात अंथरली जायची, लिहिलेली बाजू खाली.

त्रेसष्टावं पान मात्र खाली करता येत नव्हतं. ते चोवीस वर्षांपूर्वीचं होतं. त्या वेळी कचेरीला मजकूर फोनवरून सांगायची पद्धत होती. सकाळी चित्रपट बघायचा, दुपारी घरी येऊन कागदावर मुद्दे काढायचे, आणि साडेसहाच्या ठोक्याला फोन लावायचा. पलीकडे टंकलेखक काका कानाला फोन अडकवून यंत्रावर बोटं ठेवून बसलेले असत आणि ती बोलेल तसं उतरवून घेत, पूर्णविरामासकट. सात वाजता पान बंद व्हायचं. फोन बोळात होता, वायर आखूड होती. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि संध्याकाळचा उजेड उतरायला लागला की तिला तिच्या खोलीची भीती वाटायची. रात्रीची नाही, नेमकी त्या वेळेची. कपाटाच्या दारावर सावली चढायला लागली की ती ओरडत बाहेर यायची, आईच्या पायांना मिठी मारायची आणि सोडायची नाही. समजावून झालं, दिवा लावून झाला, कपाट हलवून झालं. त्या दिवशी सहा पस्तिसला ती बाहेर आली तेव्हा काका पलीकडून म्हणत होते, ‘हं, बाई, बोला, वेळ कमी आहे.’ तिने मुलीला उचलून आत ठेवलं आणि दार ओढून घेतलं. दाराला बाहेरून कडी नव्हती, म्हणून कंबर लावली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मुद्द्यांचा कागद. ज्या घरात रोज एक खोली वाढते अशा घराबद्दलचा तो चित्रपट होता. ती त्याची स्तुती सांगत होती आणि पाठीमागे लाकूड धडधडत होतं, आणि दोन वाक्यांच्या मध्ये, आपल्याकडून काही भलतंच निघू नये म्हणून, नवऱ्याच्या जुन्या शर्टाच्या बाहीचं बटण ती दातांत धरत होती. जिभेला बटणाची चार भोकं लागत होती. किती वेळ गेला ते तिने मोजलं नव्हतं. मुठी थांबल्या तेव्हा मजकुराचे दोन परिच्छेद बाकी होते. तिने ते सांगितले, सावकाश, चांगले शब्द निवडून. मग काकांनी काहीतरी विनोद केला आणि ती हसली. हसून झाल्यावर तिने दार उघडलं.

आता ती पेन्सिलीला नवं टोक काढत बसली आणि रोजच्या बातमीचा हिशेब लावावा तसा तिने हिशेब लावला. हे कुणाला ठाऊक असेल? मुलगी दाराच्या आत होती, तिने आवाज ऐकले असतील, बटण दिसलेलं नाही. काका फोनच्या पलीकडे होते, त्यांनीही फक्त ऐकलं. बटण दिसायचं तर माणूस बोळातच उभा असायला हवा. नवरा पाणीपुरवठ्यात होता, पहिल्या पाळीनंतर वरकड काम आटोपून पावणेसातला घरी यायचा, आणि त्याच्या बुटांना रबरी तळ होते. जिन्यावर त्याची चाहूल लागायची नाही, यावरून शेजारणी त्याची चेष्टा करायच्या. त्या संध्याकाळी तिने दार उघडलं, मुलीला उचललं, आणि वळून पाहिलं तर तो स्वयंपाकघरात पाणी पीत उभा होता. कधी आला ते तिला कळलं नव्हतं. त्याने ‘काय झालं?’ असं विचारलं नव्हतं. तो पेला विसळून पालथा घालत होता, आणि तेच एक दृश्य चोवीस वर्षं तिने बाजूला सारलं होतं. जो माणूस विचारत नाही त्याला माहीत असतं. त्याने बोळाच्या तोंडाशी उभं राहून सगळं पाहिलं होतं, आणि तोही पुढे झाला नव्हता.

पुढचे दोन दिवस तिने त्याच्यावर पाळत ठेवली. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाकडे नीट बघायची गरज पडली नव्हती त्याच्याकडे ती आता पडद्याकडे बघावं तसं बघू लागली, कडेकडेने, काय लपवतोय ते शोधत. निवृत्तीनंतर तो रोज दुपारी एका वहीत काहीतरी लिहायचा आणि ती आली की वही मिटायचा. गुरुवारी तो दाढी करायला गेला तेव्हा तिने वही उघडली. लिफ्ट कधी कधी बंद पडली, किती वाजता, किती मिनिटं, कोण आत अडकलं होतं, याची नोंद होती. सतरा पानं. ‘तिसऱ्या मजल्याच्या काकू, अकरा मिनिटं, रडल्या नाहीत.’ तिला हसू आलं आणि लगेच हसू थांबलं. हा माणूस बघतो, वेळ लिहून ठेवतो आणि कुणाला सांगत नाही. मग एकदाच कुणाला तरी सांगितलं असेल. चौकातल्या बाकावर त्याच्याबरोबर जे चारपाच जण बसतात त्यांपैकी कुणाच्या मुलाने कादंबरी लिहिली असेल. मुलगी वाचणारी होती, आईचा प्रत्येक रकाना ती वाचायची, त्यातली शिफारस असलेलं पुस्तक विकत घ्यायची. हे पुस्तकही तिच्या हाती पडणार. त्रेसष्टाव्या पानावर तीही थांबेल. आणि मग बोळाच्या टोकाची खोली, नवा रंग, कठडा ठोकलेला पलंग, त्यात पिल्लू, आणि दाराच्या बाहेर कोण?

ती कचेरीत गेली. पुरवणीचा संपादक तिच्या मुलीपेक्षा चार वर्षांनी लहान होता आणि तिला मावशीच म्हणायचा.

‘हा लेखक कोण रे?’

‘का? ओळखीचा निघाला की काय? नियम माहीत आहे ना तुला? ओळखीचा असेल तर पुस्तक परत. मी दुसऱ्याला देतो.’

‘ओळखीचा नाही. म्हणूनच विचारतेय.’

‘चष्म्याच्या दुकानात काचा घासतो म्हणे. प्रकाशकाकडून नंबर मिळेल. पण मावशी, तू लेखकाला फोन कधीपासून करायला लागलीस? तूच म्हणतेस ना, भूत भेटलं की भीती जाते?’

‘कधीतरी भेटावं लागतं.’

‘चांगलं आहे का पण?’

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की चांगलं होतं. ते पान खरोखर चांगलं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तिने त्यावरच अर्धा रकाना लिहिला असता. ‘तिला बरं वाटलं’ हे लिहायला छाती लागते, असं लिहिलं असतं. इतकी वर्षं परक्या बायकांना, परक्या बापांना, गोठ्यात, तळघरात, पाण्याच्या टाकीत ज्यांनी काय काय केलं त्यांना ती शाबासकी देत आली होती. प्रामाणिक म्हणत आली होती. यात तिचं स्वतःचं काही जात नव्हतं, की हा सगळा रसिकपणाच त्या एका दाराला लावलेली कंबर होता? विचार नेटका होता, आणि नेटका होता म्हणून तिला त्याचाही संशय आला. नंबर लिहून घेतलेला कागद घडी करून तिने पर्समध्ये टाकला, पण फोन लावला नाही. कुणी सांगितलं हे लेखकाने सांगण्याआधी तिला ते नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

शुक्रवारी दुपारी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवताना तिने पुस्तक उघडून शेजारी ठेवलं. ‘हे वाचा.’

त्याने चष्मा लावला, वाचलं, पान उलटून पुढचंही थोडं वाचलं. ‘बरं आहे. म्हणजे, भयंकर आहे. तुझ्या पसंतीचं.’

‘कुणाला सांगितलंत तुम्ही?’

‘काय?’

‘नाटक करू नका हो. त्या दिवशी तुम्ही बोळात उभे होता. मी दार धरून उभी होते, फोनवर होते, ती आतून मुठी मारत होती, आणि तुम्ही बघत होता. नंतर स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालात, मला काही दिसलं नाही असं दाखवायला. एवढंच सांगा, कुणाजवळ बोललात?’

कपातून वाफ येत होती, चष्म्याच्या काचेवर ती चढत होती, आणि त्याने चष्मा काढला नाही, म्हणून त्याचे डोळे तिला दिसेनात.

‘अगं, मी पाहिलं असतं,’ तो म्हणाला, ‘तर दार उघडलं नसतं का?’

तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं, आणि ते तिला चांगल्या पटकथेतलं वाटलं, म्हणून पटलं नाही. तिने त्याच्यादेखत पर्समधून कागद काढला आणि लेखकाला फोन लावला. यंत्र चालू असल्याचा घरघर आवाज आला, मग तो बंद झाला. तिने नाव सांगितलं.

‘बाई, तुम्ही? अहो, मी... थांबा, मी जरा बाहेर येतो.’ चाळिशीचा असावा, आवाज घोगरा होता. ‘पुस्तक वाचलंत?’

‘त्रेसष्टावं पान कुठून आलं?’

‘तुमच्याकडूनच की.’ तो हसला, मग हसणं आवरून म्हणाला, ‘तुम्ही रागावलात का? मी ऋणनिर्देशात लिहिणार होतो, प्रकाशक म्हणाले समीक्षकाचं नाव घातलं तर लोक संशय घेतील. मी सोळा वर्षांचा होतो. रोज एक खोली वाढणाऱ्या घराचा तो चित्रपट, त्यावर तुम्ही लिहिलं होतं. त्यात होतं की एक बाई दाराला कंबर लावून उभी राहते, बटण दातात धरते, आणि आतलं मूल गप्प झालं की तिला बरं वाटतं. ते कात्रण माझ्या वहीत चिकटवलेलं आहे. मी तो चित्रपट अकरा वर्षं शोधला, बाई. शेवटी एकाकडे प्रत मिळाली. दोनदा बघितला. त्यात तो प्रसंगच नाही.’

‘नाही,’ ती म्हणाली.

‘मला वाटलं, कापला असेल. मग वाटलं, कापला नसेल. कारण तुम्ही लिहिलं होतं, तिच्या जिभेला बटणाची चार भोकं लागत होती. पडद्यावर जीभ कशी दिसेल? तेवढं वाक्य मी घेतलं नाही. ते तुमचं होतं. बाकीचं घेतलं. चुकलं का माझं?’

चुकलं नव्हतं. मुद्द्यांच्या कागदावर जे नव्हतं ते तिने सांगितलं होतं, साडेसहा ते सात, पूर्णविरामासकट, काकांनी टंकलं होतं, रविवारी छापलं गेलं होतं, हजारो घरांत वाचलं गेलं होतं आणि सोमवारी तिच्या घरी कपाटाच्या खणात लिहिलेली बाजू खाली करून अंथरलं गेलं होतं. ‘चांगलं लिहिलंय तुम्ही,’ ती त्याला म्हणाली, ‘पण मला त्यावर लिहिता येणार नाही. दुसरं कुणी लिहील.’ तिने फोन ठेवला. तिला एकदम मोकळं वाटलं. कुणी पाहिलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं.

‘चूक माझी,’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘मीच छापलं होतं. तुमचा काही संबंध नाही.’

‘ते ऐकलं मी.’ त्याचा चहा तसाच होता, वर साय धरली होती. ‘म्हणजे झालं होतं ते?’

आता तिला कळलं. हा माणूस आज दुपारपर्यंत काहीही जाणत नव्हता. त्या संध्याकाळी त्याला तहान लागली होती, म्हणून तो पाणी प्याला होता. त्याला सांगणारी तीच होती, दहा मिनिटांपूर्वी, चहाचा कप पुढे ठेवून.

‘किती वेळ?’ त्याने विचारलं. लिफ्टबद्दल विचारावं तसंच.

‘पंधरा मिनिटं. वीस असेल.’

‘एकदाच?’

‘दार धरलं ते एकदाच.’

तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. रागावला असता तर तिला बरं पडलं असतं. रागावर तिच्याकडे उत्तरं होती. शेवटी तो उठला, चहा मोरीत ओतला, आणि पाठमोराच म्हणाला, ‘उद्या पिल्लू येतंय. तिला तू सांगतेस की मी सांगू?’

‘तिला म्हणजे?’

‘आपल्या मुलीला. आणि आज सांगायचं. पोर इथे सोडायचं की नाही हे तिने माहीत असून ठरवायचं.’

मुलगी शाळेत गणित शिकवायची, साडेचारला सुटायची. चार चाळीसला तिने फोन उचलला तेव्हा मागे पोरांचा कालवा होता. ‘बोल गं आई, पटकन. हिची बॅग भरायची आहे अजून. ती म्हणतेय सगळी चित्रांची पुस्तकं आणणार. मी म्हटलं आजीकडे पुस्तकांना तोटा नाही, पण तिची चित्रं बघून तुझीच झोप उडेल.’

‘तुला आठवतं का,’ ती म्हणाली, आणि शब्द निवडायला थांबली, आणि शब्द निवडतेय याची तिला चीड आली. ‘लहानपणी, बोळातल्या खोलीत. एकदा तू खूप दार वाजवलंस.’

कालवा कमी झाला. मुलगी चालत कुठेतरी आडोशाला गेली असावी.

‘आठवतं ना,’ मुलगी म्हणाली. ‘तुला कधी सांगितलं नाही मी. मला वाटलं तू हसशील, नाहीतर त्याच्यावर लिहिशील. मी दार वाजवत होते ना, तर बाहेरून श्वास ऐकू आला. दाराला चिकटून. मोठा, चावल्यासारखा. तेव्हा मला कळलं की ते कपाटात नाहीच, ते बाहेर बोळात आहे, तुझ्याजवळ. म्हणून मी गप्प झाले. मग मी पण दार धरलं, आतून, दोन्ही हातांनी. ते आत येऊ नये म्हणून. आणि तू बाहेर होतीस आणि मी तुला आत घेत नव्हते, याचं मला कितीतरी वर्षं...’ ती थांबली. ‘आज हे कुठून काढलंस?’

बाईच्या मनात, इतक्या वर्षांच्या सवयीने, पहिल्यांदा आलं ते हे, की काय प्रसंग आहे. दोन्ही बाजूंनी धरलेलं दार. असं कुणी अजून लिहिलेलं नाही. तिचा हात खरोखरच टेबलावर पेन्सिल चाचपत होता. तिने तो हात उचलून मांडीखाली दाबून धरला.

‘तो श्वास माझा होता,’ ती म्हणाली. ‘दुसरं कुणी नव्हतं. दार मीच धरलं होतं. मला मजकूर सांगायचा होता. आणि तू गप्प झालीस तेव्हा मला बरं वाटलं.’

पलीकडे शाळेची कसली तरी घंटा झाली. नवरा मोरीपाशी तसाच उभा होता, नळ बंद करून. तिने दोनदा ‘आहेस ना?’ विचारलं.

‘आहे,’ मुलगी म्हणाली. आवाज वर्गातला होता, फळ्यासमोरचा, सपाट. ‘मी प्रशिक्षणाला उद्या जात नाही. सोमवारी जाईन, कळवते त्यांना. उद्या मी पण येते हिच्याबरोबर. दोन दिवस राहीन. मग ठरवेन.’

‘ये.’

‘त्याच खोलीत झोपायचं आपण. तिघींनी.’

‘पलंग एकच आहे तिथे.’

‘खाली अंथरूण घालू. बाबांना सांग. आणि आई, तू भिंतीकडे झोपायचंस. दाराकडे मी झोपणार.’